चौकी राहिली, दवाखाना गेला

आष्टीत सरकारचं म्हणून जे काही होतं, ते त्या वर्षांत एकेक करून जात होतं. आधी शाळेचे मास्तर गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मग टपाल आठवड्यातून एकदाच यायला लागलं. शेवटी तहसिलीतून एक कारकून आला आणि चावडीवर सांगून गेला, की दवाखाना आणि पोलीस चौकी यांतलं एकच इथं राहील. गाव जे मागेल ते ठेवू.

आमचे हे घरी येऊन म्हणाले, "अंगठे घेऊन राह्यलेत. तुला काय वाटतंय?"

शेजारच्या गावात नुकताच दरोडा पडला होता. बायांच्या नाकातल्या नथा ओरबाडल्या होत्या. मी चुलीपुढूनच म्हणाले, "चौकीच ऱ्हाऊ द्या. कंपाउंडर काय, समद्यांना तेच लाल पाणी पाजतोय."

माझं बोलणं यांनी चावडीवर जसंच्या तसं सांगितलं. लोक हसले आणि अंगठे उठवून मोकळे झाले.

चौकीत एकच जमादार उरला. त्याला शिधा येईना, तेव्हा गावानं पाळ्या लावल्या. एका घरची भाकरी, दुसऱ्या घरची घोड्याला वैरण. आम्ही बायका चौकी सारवून द्यायचो. सणाची पहिली पोळी मी तिकडे धाडायची, आणि त्याचा मला केवढा तोरा! बंद दवाखान्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

पुढच्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची पटकी आली. माझी तीन वर्षांची मुलगी सकाळी अंगणात खेळत होती, दुपारी तिचे डोळे खोल गेले. कुलूप आहे हे ठाऊक असून मी तिला घेऊन दवाखान्याकडेच धावले. दारावर डोकं आपटलं. मग चौकीत गेले.

जमादार जेवता जेवता उठला. "बाई, परतूरहून डाक्टर आणतो. बिलकुल जल्दी येतो."

घोडा फेसाळेपर्यंत त्यानं पळवला असणार. दिवस मावळायला लागला तेव्हा तो एकटाच परत आला. परतूरचा डॉक्टरही महिन्यापूर्वीच बदलून गेला होता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, पण आमचा बंब तर आम्हीच हसत हसत घालवला होता. मुलगी माझ्या मांडीवर गार पडली होती.

पटकीनं गेलेल्या माणसाची नोंद चौकीत करायचा हुकूम होता. जमादार दुसऱ्या दिवशी वही घेऊन दाराशी आला. त्याला रडू आवरत नव्हतं.

"बाई, पोरीचं नाव सांगा. लिहावं लागतंय."

त्याच्यावर राग काढायलाही जागा नव्हती. मी नाव सांगितलं. चौकीला माझ्या मुलीसाठी जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं चौकीनं केलं. नाव बराबर लिहून घेतलं.