टिपणीस सरांची कॉपी

विद्याधर टिपणीस यांनी बोरिवलीच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि एकतीस वर्षं कॉपी पकडली. यातलं त्यांना जास्त काय आवडायचं, हे शाळेतल्या शिपायालाही माहीत होतं. मोज्यातली चिठ्ठी, कंपासच्या झाकणाला आतून चिकटवलेली सूत्रं, मांडीवर बॉलपेनने लिहिलेला पायथागोरस, सगळं त्यांच्या हाती लागलेलं. पेपर सुरू होऊन पाच मिनिटं झाली की ते फळ्याकडे तोंड करूनच म्हणायचे, "तिसऱ्या बाकावरचा, उभा राहा." आणि तिसऱ्या बाकावर काही ना काही निघायचंच. आजही स्टेशनबाहेर पन्नाशीतला एखादा टकलू सरांना बघून उगाचच खिशातून हात बाहेर काढतो.

निवृत्त झाल्यावर सरांना पकडायला कोणी उरलं नाही आणि खायला वेळ भरपूर मिळाला. रोज सकाळी सहाला ते नॅशनल पार्कात चालायला जायचे. तास-सव्वा तास चालायचं, बाहेर यायचं आणि कोपऱ्यावर उभं राहून फाफडा-जिलबी खायची. चालून दोनशे कॅलरी जातात आणि खाऊन पाचशे येतात, हे गणित सरांनी स्वतःच मांडलं होतं. त्याचं उत्तर त्यांच्या मते असं की, चाललो नसतो तर पाचशेच्या पाचशे अंगाला लागल्या असत्या.

साठीला सरांना शुगर निघाली. तेव्हापासून दर एप्रिलात रक्त तपासायचं ठरलं. जुने डॉक्टर उपाशीपोटीची शुगर तेवढी बघायचे, आणि सरांनी त्यावर तोडगा शोधला होता. तपासणीच्या आठ दिवस आधी ते अभ्यासाला बसायचे. सकाळी दुधीचा रस, दुपारी मेथी, भात बंद, संध्याकाळी सातला जेवून मोकळे. रिपोर्ट यायचा एकशे अठरा. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी श्रीखंड. 'आदल्या रात्रीचा अभ्यास कामाचा नाही रे गाढवांनो' असं एकतीस वर्षं ओरडलेला हा माणूस चार वर्षं आदल्या आठवड्याच्या अभ्यासावर पास होत होता, आणि त्याला त्याची काडीचीही लाज नव्हती.

यंदा जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. नव्या डॉक्टर अबोली, सरांच्या मुलीपेक्षा, सईपेक्षाही लहान. त्यांनी कागदावर एक लांबलचक नाव लिहिलं.

"हे काय नवीन?" सरांनी विचारलं.

"एचबीएवनसी, काका. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची साधारण सरासरी कळते. आठ दिवस दुधी पिऊन ती फारशी हलत नाही."

सरासरी काय चीज आहे, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. नव्वद दिवसांत ब्याऐंशी दिवस जिलबी असेल, तर उरलेल्या आठ दिवसांत माणसाने नुसती हवा खाल्ली तरी काही उपयोग नाही. शेजारी त्यांची बायको क्षमा बसली होती. ती बँकेत हेडकॅशियर होती, बोलायची कमी. दवाखान्यातून खाली उतरताना ती म्हणाली, "सातच्या खाली आलं तर पेटी आपली. वर आलं तर पेटी सईकडे, मुलुंडला."

पेटी म्हणजे देवगडच्या आंब्यांची. ती दिवाणाखाली पेंढ्यात पिकत होती आणि तिचा वास आता हॉलमध्ये यायला लागला होता. सर रात्री पाणी प्यायच्या निमित्ताने उठून वाकून वास घेऊन यायचे.

सरांच्या चालण्यातला जोडीदार रेमंड कोळासो. मूळचा गोराईचा, बेस्टच्या डेपोत मेकॅनिक होता, आता सरांच्याच सोसायटीत बी विंगमध्ये तळमजल्यावर एकटा राहायचा. बायको फ्लेविया सहा वर्षांपूर्वी गेली. सरांचं पोट जसजसं पुढे येत होतं तसतसा रेमंड आत जात होता. या वर्षात तर त्याने पट्ट्याला खिळ्याने तीन नवी भोकं पाडली होती. सोसायटीतल्या बायका त्याला लिफ्टपाशी अडवून विचारायच्या, "रेमंड अंकल, डाएट कुठलं?" तो कॉलर ताठ करून सांगायचा, "सकाळी चालतो, मासे खातो, टेन्शन घेत नाय." होळीच्या कार्यक्रमात सेक्रेटरीने त्याला 'सोसायटीतला सर्वांत फिट ज्येष्ठ नागरिक' म्हणून शाल दिली. सर त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणजे एकदाच जेवले.

पार्कात येताना रेमंड दोन लिटरची बाटली आणायचा आणि अर्ध्या वाटेत संपवायचा. दर पंधरा मिनिटांनी झाडामागे जायचा. सर म्हणायचे, "पाणी पितोस म्हणूनच फिट आहेस लेका." मोज्यातली चिठ्ठी ज्या नजरेतून सुटत नव्हती तिला यातलं काही दिसलं नाही. तिला पट्ट्याची भोकं तेवढी दिसत होती, आणि तीही हेव्याने.

तपासणीच्या तीन दिवस आधी पार्कातल्या बाकावर सरांनी विषय काढला.

"रेमंड, मला तुझं रक्त पाहिजे."

"का रे? कोणाचा ॲक्सिडेंट झाला?"

"माझा. मंगळवारी आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लॅबची बाई सकाळी घरी येणार. क्षमा त्या वेळी खाली सोसायटीच्या हॉलमध्ये योगाला जाते. रेमंडने वर यायचं, हात पुढे करायचा, नाव विद्याधर टिपणीस सांगायचं. रेमंड खो खो हसला. रेमंड नाही म्हणेल अशी सरांना खात्री होती, कारण फ्लेविया गेल्यापासून त्याने दवाखान्याची पायरी चढली नव्हती. साधा ताप आला तरी तो रमवर काढायचा. म्हणून सरांनी त्याला पटवायला तीन मुद्दे तयार ठेवले होते.

"नाव तुझं लागणार ना?" रेमंडने विचारलं.

"माझंच."

"माझं नाव कुठेच नाय?"

"कुठेच नाही रे बाबा."

"मग दिलं," रेमंड म्हणाला. तिन्ही मुद्दे वाया गेले.

मंगळवारी लॅबच्या माणिकबाई आल्या. सर स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहिले. रेमंड त्यांच्या खुर्चीत त्यांचा कुर्ता घालून बसला होता आणि त्या कुर्त्यात आणखी एक रेमंड सहज मावला असता.

"नाव?"

"विद्याधर टिपणीस."

"वय?"

"एकसष्ट," रेमंडने सवयीने स्वतःचंच वय सांगितलं.

"चौसष्ट!" स्वयंपाकघरातून आवाज आला. सरांना चुकीचा आकडा ऐकून गप्प बसता येत नाही, मग तो स्वतःच्या गुन्ह्यातला का असेना.

माणिकबाईंनी रेमंडच्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहिलं, भिंतीवरच्या गणपतीकडे पाहिलं, आणि चौसष्ट लिहिलं. त्यांना साडेनऊपर्यंत अजून सात घरं करायची होती. रेमंडने सुई टोचताना डोळे घट्ट मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. सरांना वाटलं, नाटक छान करतोय.

त्या दिवशी रेमंडचा तीनदा फोन आला. "रिपोर्ट आला काय?"

"अरे, पेटी माझी आहे. तुला कसली घाई?"

"असंच रे."

रिपोर्ट बुधवारी दुपारी आला, तोही सरांच्या आणि क्षमाच्या मोबाईलवर एकदमच. सरांनी चष्मा पुसून पाहिलं. अकरा पूर्णांक चार. त्यांना आधी वाटलं दशांशचिन्ह चुकलंय. एक पूर्णांक चौदा? तेही जमेना. मग ते आरडाओरड्याची वाट बघत बसले. ओरडा खायची त्यांची तयारी होती, त्याचीही उत्तरं पाठ होती.

क्षमा ओरडली नाही. ती दिवाणावर बसली, मोबाईल मांडीवर उलटा ठेवला आणि म्हणाली, "एवढी? अहो, तुम्हाला काही होत होतं तर मला सांगायचं ना." चाळीस वर्षांत सरांनी तिला असं घाबरलेलं दोनदाच पाहिलं होतं. आपण फार हलकट माणूस आहोत, असं त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

आणि मग उशिरा, फारच उशिरा, त्यांच्या डोक्यात उजेड पडला की हे रक्त आपलं नाही. दोन लिटरची बाटली. झाडामागच्या फेऱ्या. पट्ट्याची भोकं. महिनाभर रेमंड डाव्या पायाने लंगडत होता आणि नवा बूट चावला म्हणून सांगत होता. ज्याला शाल दिली ते फिटनेस नव्हतंच, तो आजार होता. शेजारच्याचा पेपर उतरवायचा तर शेजारच्याने अभ्यास केलाय का, एवढं तरी बघावं, हे साधं सूत्र शाळेतल्या सर्वांत ढ पोरालाही कळत होतं.

सर पायऱ्यांनी उतरून बी विंगला गेले. लिफ्टसाठी थांबायचं त्यांना सुचलंच नाही. रेमंड टीव्हीसमोर बसला होता, डाव्या पायाच्या अंगठ्याला जुना रुमाल बांधलेला.

"रिपोर्ट आला काय?"

"अकरा पूर्णांक चार."

रेमंडने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "वाट लागली रे तुझी, मास्तर."

"रेमंड, रक्त तुझं आहे."

"नाव तुझं आहे ना?"

"अरे पण..."

"कागदावर तुझं नाव आहे. गोळ्या तू घे. मी कुठे येणार नाय." आणि मग रुमालाकडे बघत, "फ्लेवियाची बारा होती. मग किडनी गेली. आठवड्यातून तीनदा घेऊन जायचो मी तिला डायलिसिसला. तू मला सांगू नको त्याच्यात पुढे काय होतं ते."

सरांनी समजावलं, शिव्या घातल्या, हातसुद्धा जोडले. रेमंड हलेना. त्याच्याविरुद्ध पुरावाच नव्हता. पुराव्यावर नाव टिपणिसांचं होतं, आणि ते खोडायचं तर कॉपी कबूल करायला हवी होती. क्षमासमोर, त्या पोरगेल्या डॉक्टरसमोर, आणि एकदा तिथे कळलं की सोसायटीसमोर. सरांनी पकडलेल्या पोरांपैकी निम्मी याच भागात राहत होती. गप्प राहिलं तर आंबे जातील, चार गोळ्या वाढतील, बस. पण मग त्या रुमालाखालचं काय, ते रुमालाखालीच राहील.

घरी येऊन ते दिवाणासमोर उभे राहिले. त्यांच्या वर्गात पोरं उभी राहायची तसेच, हात मागे, नजर फरशीवर.

"मी कॉपी केली," ते म्हणाले.

क्षमाने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा तिने डोळे पुसले, आणि ते रडून पुसले की हसून, हे सरांना विचारायची हिंमत झाली नाही. मग ती उठली. "तुमचं नंतर बघते. आधी त्यांना उठवू."

तिने रेमंडच्या दारात उभं राहून एवढंच म्हटलं, "रेमंड, चप्पल घाला." हेडकॅशियरच्या आवाजात म्हटलं. त्याने घातली.

दवाखान्यात सरांनी सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. डॉक्टर अबोली हसल्या नाहीत, हे त्यांच्या शिक्षणाचं मोठेपण. त्यांनी रेमंडचा रुमाल सोडला, अंगठा पाहिला, पायाला ठिकठिकाणी टोचून 'कळतंय का' विचारलं. रेमंडला तीन ठिकाणी कळलं नाही.

"काका, आणखी पंधरा दिवस काढले असते ना, तर हा अंगठा गेला असता. आता वाचेल. पण आज ॲडमिट व्हायचं."

सरांनी आपली खुर्ची रेमंडजवळ ओढली. "माझ्यामुळे झालं सगळं. मी हा चावटपणा केला नसता तर..."

"तर मला कळलंच नसतं," रेमंड म्हणाला. तो भिंतीकडे बघत होता. "मास्तर, तुला एक सांगू? कॉपी तू नाय केली. मी केली. मला वर्षभर माहीत होतं रे. फ्लेवियाला असंच सुरू झालेलं, पाणी, मग कपडे ढिले. माझ्या नावाचा कागद बघायची हिंमत नव्हती. तू बोललास नाव तुझं, तर मला वाटलं, चला, मास्तरच्या नावावर बघून घेऊ."

एकतीस वर्षं सरांनी पोरांच्या खिशात हात घातले होते. पोरगं घाबरलंय का, हे एकदाही तपासलं नव्हतं. त्यांनी रेमंडचा हात धरला आणि भर दवाखान्यात रडले. क्षमाने त्यांना पर्समधला रुमाल दिला आणि डॉक्टरांना सांगितलं, "यांचं खरं रक्तही आत्ताच घ्या. मी इथेच उभी राहते."

सरांचं आलं आठ पूर्णांक नऊ. नापास, पण स्वतःच्या मार्कांनी. पेटी मुलुंडला गेली. रेमंड नऊ दिवसांनी दहाही बोटं घेऊन घरी आला. शाल त्याने सेक्रेटरीला परत नेऊन दिली, सेक्रेटरी घेईना, तेव्हा ती आता तो पायाखाली घेतो. फाफडा-जिलबीवाल्याने दोन आठवडे वाट बघितली आणि मग बाहेरगावी गेले असतील म्हणून सोडून दिलं.

जुलैअखेर पुन्हा तपासणी होती. दोघांचंही सरांच्याच घरी. क्षमाने योगाला सुट्टी टाकली. जेवणाच्या टेबलापाशी दोघे शेजारी बसले होते, तर तिने मध्ये एक रिकामी खुर्ची आणून ठेवली. "अंतर ठेवून बसा. आणि बोलायचं नाही."

माणिकबाईंनी दोघांकडे आलटून पालटून पाहिलं आणि पेन उघडलं. "नाव?"

सरांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग त्या रेमंडकडे वळल्या. त्याने या वेळी डोळे मिटले नाहीत.

"रेमंड कोळासो," तो म्हणाला, आणि त्यांनी विचारायच्या आतच, "वय एकसष्ट. माझंच."