उजव्या कप्प्यातली डबी

डबी माझ्याकडे होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याबद्दल चांगलं मत करून घेणार नाही. पन्नाशी ओलांडलेला एक माणूस आयर्लंडमधल्या विकलोच्या डोंगरात, धुक्यात, कोपरापर्यंत चिखलात हात घालून दोन तास ती डबी शोधत होता. ती माझ्या सॅकमध्ये, जादा मोज्यांच्या खाली, सुखरूप होती. आणि मीही त्या माणसाबरोबर शोधत होतो.

त्यांचं नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो.

"पाडून बघितलंस का?" हे त्यांचं वाक्य. सँडीफोर्डच्या ज्या कंपनीत आम्ही दोघं होतो, तिथे शस्त्रक्रियेची नाजूक हत्यारं परदेशी पाठवली जायची, आणि ती ज्या खोक्यांतून जायची ती खोकी दादा तपासायचे. म्हणजे उंचावरून पाडायची, हलवायची, भिजवायची, तापवायची आणि मग आतली वस्तू शाबूत असेल तर कागदावर सही करायची. ही सवय घरीही सुटली नव्हती. कुणी नवा फोन दाखवला, की "पाडून बघितलास का?" आमच्यातला एक जण नोकरी सोडून स्वतःचं हॉटेल काढणार होता, त्यालाही तेच. "बेत झकास आहे. पाडून बघितलास का?"

दादा मूळचे मिरजेचे. तीस वर्षं सिगारेट ओढली आणि आयर्लंडला आल्यावर वहिनींच्या धाकाने सोडली. तिच्या जागी ते विजेवरचं व्हेप आलं. वहिनी त्याला फुंकणी म्हणायच्या. "फुंकणी घेतलीत का? नाहीतर डोंगरावरून गावभर शिव्या ऐकू येतील," असं दर रविवारी दारातून ओरडायच्या. ॲडम्सटाउनला आमची घरं समोरासमोर होती, त्यामुळे ते मलाही ऐकू यायचं.

रविवारी आम्ही सात-आठ जण डोंगर चढायला जायचो. आम्ही बाकीचे बिस्किटं, छत्र्या, फोन कसेही कोंबायचो. दादांचं मात्र त्या फुंकणीसाठी वेगळं शास्त्र होतं. ती आधी कुलूप लावून बंद करायची, म्हणजे सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन तापायला नको. तिची टाकी अर्धीच भरायची, कारण चढावर गच्च भरलेली टाकी गळते. जादा बॅटरी वेगळ्या पिशवीत, किल्ल्या आणि नाण्यांपासून लांब. मग वहिनींच्या जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळायचा. त्यावर चेनची प्लॅस्टिकची पिशवी, आत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. आणि हे सगळं फिरकीच्या झाकणाच्या एका पांढऱ्या डबीत, कामावरच्या टाकाऊ फोममध्ये बरोबर त्या आकाराचा खळगा कोरून. डबीवर मार्करने बाण काढलेला आणि खाली लिहिलेलं, 'ही बाजू वर'.

"दादा, एवढं तर आम्ही देवाला जपत नाही," मी म्हणायचो.

"देव पडला तर फुटत नाही लेका. हे फुटतं."

डबी सॅकच्या उजव्या बाहेरच्या कप्प्यात. पाण्याची बाटली डाव्या. कारण बाटली गळली तरी डबी कोरडी राहिली पाहिजे. हे त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितलं असेल. मी दहाही वेळा हसलो.

त्या रविवारी गाड्या लावल्या तिथेच दादांनी माझ्या उघड्या खिशातून माझा फोन हळूच काढला आणि सगळ्यांसमोर उंच धरला. "हे बघा आमचे साहेब! मागच्या वेळी एक फोन ओढ्याला वाहिला, आज डोंगराला वाहणार." सगळे हसले. माझी बायकोही हसली. जरा जास्तच हसली. मीही हसलो, पण ते मनात राहिलं.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी ते त्यांच्या तब्येतीसाठी केलं. सिगारेट सुटली, आता हेही सुटावं म्हणून. हे खरं नाही. माझा पाणउतारा झाला होता आणि मला त्यांचा करायचा होता. एवढंच.

माथ्यावर जेवायला बसलो. दादांनी दोन झुरके घेतले, सगळे थर पुन्हा गुंडाळून डबी ठेवली, चेन लावली, आणि खडकामागे जाऊन आले. तेवढ्यात मी ती काढून घेतली आणि चेन पुन्हा लावली.

उतरताना निम्म्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं. तिथे पाणथळ जमिनीवर रेल्वेच्या जुन्या फळ्या टाकून पाऊलवाट केलेली आहे. फळीवरून पाय घसरला, की मांडीपर्यंत काळा चिखल. दादा एका फळीवर थांबले, सॅक उतरवली आणि उजव्या कप्प्यात हात घातला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, कारण मला ते तोंड बघायचंच होतं. आधी त्यावर काहीच आलं नाही. मग त्यांनी डाव्या कप्प्यात हात घातला, आणि तेव्हा मात्र मला बघवेना.

बाकीचे गुडघे दुखतात म्हणून पुढे गेले. एक जण जाताना ओरडलाही, "दादा, पाडून बघितलीत वाटतं!"

आम्ही दोघं मागे फिरलो. पहिल्या दहा मिनिटांत मी बोललो असतो तर ती थट्टा झाली असती. दादांनी मला एक शिवी हासडली असती आणि खाली जाऊन चहा पाजला असता. पण मग धुकं उतरलं, आणि त्यांनी फळीशेजारी गुडघे टेकले, बाही वर केली आणि चिखलात हात घातला. एकदा हात चिखलात गेल्यावर ती थट्टा राहिली नाही. मीही दुसऱ्या बाजूला वाकलो आणि हात घातला. चिखल इतका गार होता, की बोटं नाहीशी झाल्यासारखी वाटत होती.

मेंढ्यांचा एक म्हातारा धनगर कुत्र्याबरोबर वरून आला. काय हरवलं म्हणून त्याने विचारलं, फळीवर काठी आपटली आणि म्हणाला, "हा चिखल शंभर वर्षं सगळं जपून ठेवतो. ग्रँड राहील तुमची वस्तू, अगदी ठणठणीत." दादा त्यावरही हसले नाहीत.

त्यांचं जाकीट नारिंगी होतं. धुक्यात ते दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा जरा पुढे वाकलेलं दिसायचं. आणि मधूनच आवाज यायचा, मला नाही, स्वतःला. "उजव्याच कप्प्यात ठेवली होती की." आजही लुआस ट्रामच्या खिडकीबाहेर धुकं असलं, की मी त्यात नारिंगी काही दिसतं का बघतो. दिसतंच.

खाली आल्यावर ती डबी त्यांच्या गाडीच्या सीटखाली सारून द्यायची, असं मी ठरवलं होतं. पण दादांनी माझ्या आधीच गाडी पूर्ण रिकामी केली. पायपोससुद्धा बाहेर काढून झटकले. आता ती कुठेही निघाली असती, तरी दादांनी अर्थ एकच लावला असता, की आपण कुठे ठेवली ते आपल्याला आठवत नाही. म्हणून मी ती घरी नेली आणि स्वयंपाकघरात वरच्या प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत कपाटात, मोठ्या कुकरच्या मागे ठेवली. ते दार उघडलं की फुंकणीतल्या द्रवाचा, पुदिन्याचा बारीक वास यायचा. बायको म्हणायची, मला तर काही येत नाही.

दादांनी नवी फुंकणी घेतली नाही. "ज्याला जपता येत नाही त्यानं बाळगू नये," म्हणाले. वहिनी खूश. "हरवली ते बरंच झालं भावजी, एकदाची सुटली." हे वाक्य मी ढालीसारखं वापरलं. बघा, शेवटी चांगलंच झालं ना?

पण सुटली ती फुंकणी एकटीच नव्हती. दादा वही ठेवायला लागले. गॅस बंद, बरोबरची खूण. दार बंद, बरोबरची खूण. रोज सकाळी ते मला त्यांच्या गाडीतून ऑफिसला न्यायचे. एक दिवस रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून म्हणाले, "लेका, आत्ताचा सिग्नल हिरवा होता का? बघितल्याचं आठवत नाही मला." दुसऱ्या दिवसापासून गाडी मी चालवायला लागलो. रोज पाऊण तास ते माझ्या शेजारी बसायचे. रोज सांगायला पाऊण तास मिळायचा, आणि मी रेडिओ लावायचो.

डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या चाचण्या केल्या, दोनदा. दोन्ही वेळा सगळं उत्तम. दादा म्हणाले, "डॉक्टरांना डबीचं कुठे माहीत आहे?" मग एके दिवशी त्यांनी खोक्यांच्या कागदांवर सही करायला नकार दिला. "मी तपासलं असं मला वाटतं. पण वाटण्यावर सही करायची नसते." वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि दोघं मिरजेला परत गेली. जाताना त्यांनी माझ्या चष्म्यासाठी फोम कोरून एक डबी करून दिली. तिच्यावरही बाण होता.

या उन्हाळ्यात वहिनींचा पश्चिम आयर्लंडमधल्या कासलबारहून फोन आला. त्यांची मुलगी तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, तिला मुलगी झाली म्हणून दोघं दोन महिन्यांसाठी आली होती. वहिनी बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या, मग आवाज खाली करून म्हणाल्या, "भावजी, हे नातीला उचलत नाहीत हो. लांबून बघतात. म्हणतात, माझ्या हातात देऊ नका, मी ठेवीन कुठेतरी आणि विसरेन."

मी कुकर बाजूला केला.

कासलबारला पोचेपर्यंत तीन तास पाऊस होता. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो, तब्येतीचं, थट्टेचं, त्या धुक्याचं. दादांनीच दार उघडलं. केस पांढरे झाले होते. दाराशेजारी त्यांच्या अक्षरात चिठ्ठी, 'किल्ली निळ्या खुंटीला'. बाळ पाळण्यात होतं. दादा पाळण्यापासून चार हातांवर खुर्ची टाकून बसले, दोन्ही हात काखेत दाबून.

मी डबी टेबलावर ठेवली.

त्यांनी लगेच ओळखली. हात लावला नाही. "कुठे सापडली?"

"सापडली नाही दादा. मी घेतली होती. माथ्यावर, जेवताना. तुमच्या सॅकमधून."

आतल्या खोलीत वहिनी लेकीशी बोलत होत्या. मला वाटलं, आता ते का म्हणून विचारतील.

"कुठल्या कप्प्यातून?" त्यांनी विचारलं.

"उजव्या."

"चेन लावलेली होती?"

"लावलेली होती."

"आणि बाण?"

"वर होता, दादा."

ते उठून उभे राहिले. "अगं, ऐकलंस का?" आत बघून ओरडले, इतक्या मोठ्याने की बाळ दचकलं. "उजव्याच कप्प्यात होती! चेन लावलेली होती!" असा आवाज मी त्यांच्या तोंडून सात वर्षांत ऐकला नव्हता. मग त्यांनी डबी दोन्ही हातांनी उचलली, फिरवली आणि बाण वर करून पुन्हा ठेवली. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"सात वर्षं, लेका?"

जुळवलेली सगळी वाक्यं मी सोडून दिली.

"हो, दादा. तुमच्याबरोबर चिखलात हात घालून शोधत होतो, तेव्हाही मला माहीत होतं. रोज गाडीत तुमच्या शेजारी बसलो होतो, तेव्हाही. चूक माझी होती. तुम्ही काही विसरला नव्हता. मला माफ करा."