हत्ती कोडव्वा

बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, दिव्यांसाठी मी वाती वळत बसले होते. निम्म्या झाल्या आणि कापूस संपला. ताट तसंच झाकून पेठेत श्रीपालअण्णांच्या स्टोअर्समध्ये गेले.

हे दुकान नव्हतं तेव्हा लुगड्याला एक गल्ली, पितळेला दुसरी, साबणाला तिसरी. आता सगळं एका छपराखाली. आत बाकडं आहे, पाण्याचा माठ आहे. खेड्यातल्या बायका मोटारीची वाट बघत तिथंच टेकतात. त्यांच्यासाठीच अण्णांनी अंबुबाईला महिनाभर बघू या बोलीवर माल दाखवायला उभं केलं. ती गुंजी गावची, नवऱ्यामागं एकटी. काम टिकलं तर निपाणीत स्वतःची खोली, नाहीतर परत भावाच्या दारात. आज महिना भरत होता.

माझ्यापुढं संकेश्वरच्या नागुबाई होत्या. त्यांना कन्नडच येतं. म्हणाल्या, "हत्ती कोडव्वा." कोडव्वा म्हणजे दे गं बाई.

अंबुबाई शिडीवर चढली आणि वरच्या फळीवरचा लाकडी हत्ती आणून पुढ्यात ठेवला. "सोंड जरा टवकलीया, आक्का. चालंल न्हवं?"

जुना नोकर भरमू पोट धरून हसला. "अगं, कन्नडात हत्ती म्हंजे कापूस! मागितला कापूस, दिलं जनावर!"

"मग जनावराला काय म्हणत्यात?"

"आने."

"व्हय रं? म्हंजे रुपयाला सोळा हत्ती!"

मी नागुबाईंना उलगडून सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. हशा ऐकून अण्णा बाहेर आले. त्यांना काही हसू आलं नाही. "अंबुबाई, निम्मं गिऱ्हाईक कन्नड. असं कसं चालायचं?"

अंबुबाईची मान खाली गेली.

अण्णांचं बोलणं मी कन्नडात सांगितलं, तशा नागुबाईच कडाडल्या, "तुमच्या भरमूला कापूस कळतो, अण्णा. पण पोलक्याचं माप मी त्याला सांगू? मागल्या खेपेला लाजले, न सांगताच घेतलं, ते अंगात शिरलं नाही. आज ही बाई आहे म्हणून दोन घेणार."

बाकड्यावरच्या बायकांनी माना डोलावल्या. अण्णा म्हणाले, "बरं, अंबुबाई, राहा कामावर. पण कन्नड शिकायचं, भरमूकडनं."

"भरमूकडनं नको, अण्णा. ह्यो नुसता हत्तीवरनं हसत बसंल. ह्या वहिनींकडनं शिकते." तिनं माझ्याकडं बोट केलं.

मी होय म्हटलं. देवाच्या कृपेनं एका बाईचं बरं झालं.

दुकान बंद झाल्यावर अंबुबाई पोस्टात कार्ड टाकायला गेली. भावाला कळवायचं होतं, मी येत नाही.