अकरावीचा वायू

कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. आदर्श वायूचे रेणू जागा व्यापत नाहीत आणि एकमेकांना ओढत नाहीत, असं मी दरवर्षी सांगते, आणि अकरावीचा वर्ग दरवर्षी तितक्याच शांतपणे पेंगतो. म्हणून यंदा सगळ्यांना मैदानात नेलं, फक्कीनं मोठा चौकोन आखला आणि म्हटलं, "आज तुम्ही रेणू. सरळ पळायचं, धडकलं की दिशा बदलायची. थांबायचं नाही, बोलायचं नाही."

सुरुवातीला त्यांनी माझी लाज राखली. जागा ऐसपैस आणि वेग भरपूर असला की खरा वायूही आदर्शासारखाच वागतो, असं मी ओरडून सांगितलं. पळण्याच्या नादात कुणी ऐकलं नाही.

मग दाब वाढवायचा म्हणून चौकोन निम्मा केला. तालमीत जाणारा एक गडी मधोमध आला आणि बाकीच्यांना त्याला वळसा घालावा लागला.

"मॅडम, ह्यो एकटाच निम्मी जागा खातोय की," एका मुलीनं तक्रार केली.

"बरोबर आहे. खऱ्या रेणूंना आकारमान असतं."

गडी खूश झाला आणि आणखी छाती काढून पळू लागला.

तेवढ्यात राधानगरीकडची दोन पोरं एकमेकांवर धडकली आणि तिथंच गप्पा मारत उभी राहिली.

"थांबायचं नाही म्हटलं ना?"

"माझा मावसभाऊ हाय मॅडम. न बोलता कसं जायाचं?"

"रेणूंना मावसभाऊ नसतो."

"न्हाय म्हटलं तरी थोडी ओढ असतीया की."

माझा पुढचा मुद्दा नेमका तोच होता.

हळूहळू सगळे दमले. वायू थंड केला की रेणू मंदावतात आणि ओढीला जोर येतो, तसं झालं. पोरं घोळक्याघोळक्यानं चिकटली आणि शेवटी कोपऱ्यात मांडी घालून बसली. कुणीतरी डबा उघडला.

प्राचार्य बाहेर आले. "मॅडम, हे काय चाललंय?"

"सर, वायू होता. आता द्रव झालाय."

त्यांचा विषय इतिहास. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "मग परत वाफ करा आणि वर्गात पाठवा."

इतक्यात एका पोरानं त्यांच्यापुढं भाकरी आणि खर्डा धरला. नको नको म्हणत ते कडेला टेकले. घंटा झाली तेव्हा पोरं लगेच उठली; सरांना मात्र दोनदा हाक मारावी लागली.