आईचा पाट

आईला जाऊन महिना झाला. आज पडवीतला तिचा पाट उचलला आणि जुन्या टायरांचा वास आठवला.

तिच्या माहेरी, चिमूरला जाणाऱ्या जंगलातल्या रस्त्यावर आमच्या जुन्या मोटारीचं पोट बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत घासायचं. म्हणून बाबांनी आणि मी चंद्रपूरच्या भंगारातून मोठी चाकं स्वस्तात शोधून आणली. मोटार उंच झाली आणि आईच्या दुखऱ्या गुडघ्यांना चढता येईना. तिने खाली पाट ठेवून पाहिला.

"हत्तीवर बसून राह्यली का?" बाबा म्हणाले. मी हसलो, तीही हसली.

"तुमीच जाऊन या. मले घरी काम हाये."

आम्हीच जाऊन आलो. पाट मात्र मोटार विकेपर्यंत तिने दाराशीच ठेवला होता. मी फक्त हात द्यायचा होता.