बर्फाचा पंचनामा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सांगोल्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांचं नाव घेतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. वडील मेंढरांमागे असत. दुपारी दवाखाना बंद झाला की काका मला बाकावर बसवून औषधांच्या बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं लावायला शिकवत. त्यामुळे 'कॅट' आणि 'रॅट' यांच्या आधी मला 'पॉयझन' लिहिता येऊ लागलं. पुढे सोलापूरच्या हायस्कुलात त्यांनीच माझं नाव घातलं, बोर्डिंगात सोय लावली आणि मला पुण्याच्या कॉलेजात धाडलं. मी बी.एस्सी. झाल्याची तार आली तेव्हा ती हातात घेऊन ते आठवड्याच्या बाजारातून फिरले आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही त्यांनी ती दाखवली, असं वडील सांगत.

इतक्या थाटात पदवीधर झालेला मी सोलापुरातल्या एका कचेरीत हंगामी कारकून म्हणून चिकटलो. काकांचं महिन्याला एक कार्ड येई आणि त्यात शेवटी एकच प्रश्न असे, "कायम झालास का?" हंगामी नोकरीला आमच्या गावात नोकरी म्हणत नसत. वडिलांना तर वाटे की मला अजून नुसतं उभं करून ठेवलंय, बसायला सांगितलेलं नाही.

मला कायम करणं आमच्या हेडक्लार्कांच्या हाती होतं. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. एका वैशाखात त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "तुम्ही सायन्सवाले ना?"

"होय, रावसाहेब."

"मग बर्फ तुमच्याकडे. नीट पोचवा, तुमचा कागद मी वर पाठवतो."

आमच्या बड्या साहेबांना मासे धरायचा नाद होता. उन्हाळ्यात टेंभुर्णीच्या पुढे भीमेच्या डोहाकाठी त्यांचे तंबू पडत. पकडलेला मासा टिकायला आणि साहेबांच्या पेल्यात टाकायला सोलापूरच्या कारखान्यातून बर्फ न्यावा लागे. त्यासाठी आतून जस्ताचा पत्रा मारलेली एक लाकडी पेटी होती. त्या वर्षीच्या दोन्ही खेपांना नदीवर पोचल्यावर पेटीतून ओलं गोणपाट तेवढं निघालं होतं.

बर्फ वितळतो हे कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सरकारी बर्फ वितळला असं लिहिलं तर जबाबदार कुणाला धरायचं? चोरीला गेला म्हटलं की चौकशी तरी करता येते. म्हणून पहिल्या खेपेला वाटेत एका चावडीवर पेटी उघडून पाटील आणि पंचांसमक्ष पंचनामा झाला. बर्फ पोचला नाही. दुसऱ्या खेपेला चावड्या तीन केल्या. तो आणखी लवकर संपला. त्यावरून चोर मोठा हुशार आहे असं ठरलं आणि या खेपेला पाच चावड्यांचा हुकूम निघाला. प्रत्येक चावडीवर मोटार थांबवायची, पेटी उघडायची, किती बर्फ राहिला ते लिहायचं, सह्या घ्यायच्या.

मी भीतभीत म्हटलं, "रावसाहेब, पेटी उघडली नाही तर बर्फ जास्त टिकेल. आणि भोवती घोंगडी गुंडाळली तर फारच बरं."

रावसाहेबांनी चष्मा काढला. "घोंगडी? अहो, वैशाखात माणूस घोंगडीत घामेजतो आणि तुम्ही त्यात बर्फ घालता? उद्या आइस्क्रीम शेगडीवर ठेवाल!"

शेजारचे कारकून हसले. एक जण म्हणाला, "पुण्याची पदवी आहे, रावसाहेब. तिकडं थंडी असते."

बर्फही स्वस्तातला घ्यायचा होता. कारखान्यात अखंड लादी महाग आणि फुटका बर्फ स्वस्त. रावसाहेबांनी टिपण लिहिलं होतं: बर्फ अखेर फोडूनच वापरावयाचा असल्याने फुटकाच खरेदी करावा. त्यात चूक काढायला जागा नव्हती, फक्त लहान तुकडे लादीच्या कितीतरी आधी पाणी होतात.

पहाटे कारखान्यात गेलो. तिथला मिस्त्री दाढीवाला, हसतमुख माणूस. मंजुरीचा कागद बघून त्याने डोक्यावर हात मारला. "बाबू, फुटा बरफ नक्को लेव. मोहोळ आने तक पानी."

"पण मंजुरी फुटक्याचीच आहे."

त्याने एक अखंड लादी ओढली आणि टोच्याने तिचा एक कोपरा उडवला. "लेव, फुट गया. अब लिखो फुटा बरफ." मी पेटी उघडली तेव्हा तो म्हणाला, "और रस्ते में खोल-खोल के देखना नक्को. बरफ कू नजर नै लगती बाबू, हवा लगती."

एवढं शास्त्र मला पुण्यात शिकायला चार वर्षं लागली होती. वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा पेटीत दाबून भरला, लादीभोवती वडिलांनी दिलेली माझी घोंगडी गुंडाळली, झाकण लावलं आणि ठरवलं की हे आता नदीवरच निघेल.

पहिल्या चावडीवर मोटार थांबली तेव्हा सगळं गाव हजर होतं. मागच्या खेपांचा पंचनामा म्हणजे बर्फाचं दर्शनच झालं होतं. प्रत्येकानं हात लावला होता आणि पाटलांच्या आईनं दुखऱ्या गुडघ्याला एक तुकडा चोळला होता.

"पाटील," मी हात जोडले, "उघडलं की वितळतं. माझी नोकरी आहे यात. न उघडता सही कराल का?"

पाटील म्हणाले, "आवो मग उघडायचं कशापायी? आमाला काय सरकारी कागुद बघून सही करायची सवय हाय व्हय? आना हिकडं."

"आन् किती लिवायचा?" तलाठ्याने विचारलं.

"मागल्या बारीला किती लिवला हुता?"

तलाठ्याने दप्तरातून जुनी नक्कल काढली. "निम्मा."

"मग निम्माच लिव. आमच्या गावात यंदा जास्त कसा भरंल?"

म्हातारी मागून ओरडली, "आरं पर माज्या गुडघ्याचं काय?" तिची समजूत घालून मी निघालो. कागदावर काय चढलंय याचा विचार करायला मला सवड नव्हती. माझं सगळं ध्यान पेटीखालून ठिबकणाऱ्या पाण्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या चावडीवर असंच झालं. चौथी आणि पाचवी नवीन होती, तिथं जुनी नक्कल नव्हती. पण चौथ्या गावचे तलाठी मागचा कागद वाचून म्हणाले, "वरच्यानं दोन आणे भाग लिवलाय. आमाला चढ कसा लिवता येईल? उतारच लिवला पायजे की." त्यांनी एक आणा लिहिला. पाचव्यांनी शून्य लिहून, सही करून, मला ताक पाजलं.

दुपारी नदीवर पोचलो. साहेबांच्या बटलरनं तोंड वाकडं करत झाकण काढलं, भुसा बाजूला केला, घोंगडी उलगडली. लादी! कडा गोल झालेल्या, पण चांगली थोरली, पांढरा वाफारा सोडणारी लादी. साहेब गळ टाकून धावत आले. त्या दिवशी त्यांना मासाही मोठा सापडला आणि त्याचं श्रेयही त्यांनी बर्फालाच दिलं. स्वतःच्या हातानं त्यांनी रावसाहेबांना चिठ्ठी लिहिली की बर्फ प्रथमच उत्तम स्थितीत पोचला, या माणसाकडे लक्ष द्यावं.

रावसाहेबांनी लक्ष दिलं. दोन दिवसांनी एका हातात साहेबांची चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात पाच पंचनामे घेऊन त्यांनी मला उभं केलं.

"पाचव्या चावडीवर बर्फ निरंक. नदीवर बर्फ शिल्लक. मधल्या आठ मैलांत बर्फ पिकतो का?"

"रावसाहेब, खरं म्हणजे पेटी उघडलीच—"

"हळू बोला!" त्यांनी दाराकडे बघितलं. "पेटी उघडली नाही म्हणता? म्हणजे पाच पाटील, पाच तलाठी आणि सगळे पंच खोटे. एवढ्या लोकांवर कारवाई कोण करणार? आणि हुकूम मोडला म्हणून तुमच्यावर?"

"मग मी खरं काय लिहू?"

"खरं लिहायला कोण सांगतंय तुम्हाला? खुलासा लिहा."

खुलासा त्यांनीच सांगितला. बर्फ पंचनाम्यांत नमूद केल्याप्रमाणे वितळला. मात्र त्याचे पाणी पेटीतच राहिले व भीमाकाठच्या गार वाऱ्याने ते पुन्हा गोठले.

"रावसाहेब, वैशाखात?"

"वैशाखात. आणि सहीपुढं पदवी घाला. त्याशिवाय हे कोण खरं मानेल? त्यासाठीच तर सायन्सवाला घेतलाय."

माझा कायम होण्याचा कागद त्यांच्या टेबलावरच होता, पितळी वजनाखाली. मी सही केली. पुढे बी.एस्सी. लिहिलं. त्याच आठवड्यात मी कायम झालो आणि आठवड्याभरानं काकांना हे पत्र टाकलं. त्यांच्या माघारी ते मला परत मिळालं म्हणून जसंच्या तसं देता येतं.

"ती. काका,

दोन्ही पायांवर डोकं ठेवतो.

मी कायम झालो. पण ही बातमी बाजारात सांगायच्या आधी पुढचं वाचावं.

नोकरीसाठी मी लिहून दिलं की वैशाखातल्या वाऱ्यानं पाण्याचा बर्फ झाला, आणि खाली पदवी लिहिली. त्यावरून आता नवा हुकूम निघाला आहे की यापुढे पेटी नदीकाठी तासभर उघडी ठेवावी, म्हणजे वितळलेला बर्फ पुन्हा गोठेल. परवाच्या खेपेला तशी ठेवली. साहेबांना कोमट पाणी मिळालं. वारा योग्य दिशेचा नव्हता असा शेरा झाला आहे, आणि दिशा पाहण्याचं काम सायन्सवाला म्हणून माझ्याकडेच आलं आहे.

मला तीन रात्री झोप लागली नाही. काल मी दुसरा खुलासा लिहून दिला की पहिला खोटा आहे, पेटी मी उघडली नव्हती, पाटलांना मीच गळ घातली होती, दोष सगळा माझा. रावसाहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी त्यावर 'दप्तरी दाखल' लिहिलं, फडक्यात बांधलं आणि जेवायला गेले. मी विनंती केली की निदान पहिल्या कागदावरची पदवी तरी खोडू द्या. ते म्हणाले, सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही.

म्हणजे मी अजून कायमच आहे. खोटं लिहून मिळालं, ते खरं लिहूनही गेलं नाही. माझ्या हातात करण्यासारखं होतं तेवढं मी केलं, पण ते उशिरा केलं. वडिलांना यातलं काय सांगावं ते मला सुचत नाही. तुम्ही त्यांना सगळं वाचून दाखवावं, आणि तुम्ही दोघे 'ये' म्हणालात तर मी या नोकरीचा राजीनामा देऊन येईन. 'राहा' म्हणालात तर राहीन आणि इथून पुढे डोळ्यांनी न बघितलेल्या गोष्टीवर सही करणार नाही. उत्तराची वाट पाहतो.

आपला आज्ञाधारक"