धर्मपालकाकांची वरणफळं

धर्मपालकाका माझे शेजारी. अकोल्याच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, काकू गेल्यापासून एकटे. माणूस हेकट. मी वाटीभर कढी नेली तरी "मले सैपाक येते, दुर्गाबाई" म्हणून दारातूनच परत पाठवणार. मी चिडायचे, त्यांना त्याचं काही नसायचं.

संध्याकाळी मात्र त्यांच्या खिडकीतून गप्पा ऐकू यायच्या. मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवलेला आणि त्यात पुण्याची नात, मैत्री. भाजी म्हटली की पोरगी तोंड फिरवायची. म्हणून काका कणकेत बारीक चिरलेला पालक मळायचे, पोळी लाटायचे आणि मैत्री सांगेल तो आकार सुरीने कापायचे. ससा, मासा, नाहीतर एसटी. मग ती फळं तुरीच्या उकळत्या वरणात सोडायची आणि वरून लसणाची फोडणी. तिकडे सून प्रियदर्शनीही तेच करायची, पण तिची फळं चिकटून त्यांचा लगदा व्हायचा. समोर आजोबा जेवताहेत म्हणून मैत्री तोही खायची. काकांनाही दिवसभरात तेवढीच काय ती सोबत.

पुढे शाळेतल्या बाईंनी जेवताना मोबाईल नको म्हणून बजावलं. प्रियदर्शनीने फोन केला. "बाबा, तुमची फळं मोकळी कशी राहतात, एकदा नीट सांगा. तशी जमली तर मैत्री फोनशिवाय जेवेल."

"उद्या सांगतो," काका म्हणाले. हे मला सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता.

"सगळं सांगू नका काका," मी म्हटलं. "एखादी गोष्ट ठेवा की पोटात."

"काहून? पोरीनं उपाशी राहावं काय?" ते माझ्यावरच उखडले.

त्यांनी सगळं सांगितलं. कणीक घट्ट मळ, कापलेली फळं पंख्याखाली जराशी सुकू दे, वरण पातळ ठेव, खदखदल्यावर एकेक सोड, लगेच ढवळू नको.

थोड्या दिवसांनी प्रियदर्शनीचा फोन आला. मैत्री ताट चाटूनपुसून खाते, वर आणखी मागते. "आता जेवताना फोनची गरजच पडत नाही, बाबा." बिचारी आनंदाने सांगत होती. काका "बरं झालं" म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, एवढं मी खात्रीने सांगते.

त्यानंतर त्यांच्या खिडकीतून फक्त भांड्यांचा आवाज यायचा. मला तो ऐकवत नसे.

एका संध्याकाळी दार वाजलं. काका हातात झाकलेलं ताट घेऊन उभे होते.

"माहं जेवन मी आनलं हाये," ते खाली बघत म्हणाले. "तुमच्या इथं बसून खाल्लं तं चालन का?"